राजाच्या चॅपलमधील ऑर्गन

ऑर्गन म्हटलें कीं मराठी रसिकाच्या मनांत रंगभूमीचा पडदा उघडतो. बालगंधर्वांच्या पदांना साथ करणारी ती पायपेटी, पायांखालचे भाते, हातांखालच्या काळ्यापांढऱ्या पट्ट्या आणि नाट्यगृहभर पसरणारा तो भरीव सूर, हीच त्या शब्दाची ओळख घरोघर झालेली आहे. परंतु इंग्लंडांतील केंब्रिज येथें किंग्ज कॉलेजच्या चॅपलमध्यें ज्या ऑर्गनचें वादन होतें, त्याचें या पायपेटीशीं नातें बरेंच दूरचें आहे. पायपेटींत वारा पितळेच्या पातळ पातींना कंपवितो. चॅपलमधील ऑर्गनांत वारा नळ्यांतून घुमतो, म्हणजे तो पेटीपेक्षां बांसरीला आणि सनईला अधिक जवळचा आहे. त्यांत प्रत्येक सुरास स्वतंत्र नळी असते. कांहीं नळ्या कथील व शिसें यांच्या मिश्रणाच्या, कांहीं लाकडाच्या. कांहीं बोरूएवढ्या, तर कांहीं माणसाच्या अनेक पट उंच. वादक पट्टी दाबतो तेव्हां नळीखालची झडप उघडते आणि भात्यांत सांठविलेला वारा नळींत शिरतो. बाजूच्या खुंट्या ओढून तो कोणत्या नळ्यांच्या रांगा बोलत्या करावयाच्या हें ठरवितो. कोमल, तीव्र, गंभीर, कर्कश असे अनेक आवाज एकाच बैठकीवरून काढणारें असें दुसरें वाद्य मानवानें त्या काळापर्यंत घडविलें नव्हतें.

या वाद्याची वार्ता हिंदुस्थानास फार जुनी आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हाजी हबीबुल्ला यानें गोव्याकडून आणलेला एक ऑर्गन अकबराच्या दरबारांत वाजविला गेला, आणि इतिहासकार बदायूनी यानें त्याची नोंद करून ठेविली. माणसाच्या उंचीची पेटी, आंत बसून वाजविणारा फिरंगी आणि बाहेरून हात लावणारे दोघे, हें दृश्य पाहून दरबार थक्क झाला. गोव्यास पोर्तुगीजांनीं आपल्या चर्चांबरोबर हीं वाद्येंही आणलीं होतीं.

किंग्ज कॉलेजच्या चॅपलमध्यें सायंप्रार्थनेनंतर जें ऑर्गनवादन होतें, त्यांत चारशें वर्षांपूर्वींच्या रचना आणि विसाव्या शतकांतील रचना एकामागून एक ऐकूं येतात. श्रोत्यांना हा क्रम स्वाभाविक वाटतो. जुनें आधीं, नवें मागून, आणि मध्यें अखंड परंपरा, असें कोणीही गृहीत धरील. प्रत्यक्षांत ही परंपरा एकदां कायद्यानें तोडण्यांत आली होती. ती कशी तुटली आणि पुन्हां कशी सांधली गेली, हा इतिहास त्या वादनापेक्षां कमी रंजक नाहीं.

प्रथम ती वास्तु. सहाव्या हेन्री राजानें १४४६ सालीं या चॅपलची कोनशिला बसविली. पुढें राजघराण्यांतील यादवीमुळें काम वारंवार थांबलें आणि दगडी छत पुरें होण्यास १५१५ साल उजाडलें. वास्तु सुमारें २९० फूट लांब आणि ८० फूट उंच आहे. पंख्याच्या काड्या पसराव्या तसे दगडाचे फांटे खांबांतून निघून छतावर पसरतात, आणि आंत एक सूर उमटला तर तो विरण्यास कांहीं क्षण लागतात. लांबीच्या मध्यावर कोरीव लाकडाचा एक आडपडदा आहे. तो आठव्या हेन्रीच्या काळांतील असून त्यावर त्या राजाचीं आणि राणी ॲन बुलिन हिचीं आद्याक्षरें कोरलेलीं आहेत. लवकरच त्या राणीचा शिरच्छेद झाला. अक्षरें तशींच राहिलीं. याच आडपडद्यावर ऑर्गन उभा आहे.

तेथें १६०५ सालीं नवा ऑर्गन बांधण्याचें काम टॉमस डॅलम या कारागिराकडे आलें. डॅलम त्या वेळीं विशीच्या उंबरठ्यावरचा उमेदवार राहिलेला नव्हता. सहा वर्षांपूर्वीं त्यानें एक अद्भुत प्रवास केला होता. तुर्कस्तानाशीं व्यापार वाढावा म्हणून इंग्लंडांतून सुलतान तिसरा महंमद यास एक नजराणा पाठविण्यांत आला. राणी एलिझाबेथच्या नांवें गेलेला हा नजराणा म्हणजे आपोआप वाजणारा ऑर्गन आणि घड्याळ यांचा संयोग. त्याच्या शिखरावर झुडूप होतें, आणि संगीत संपतांच त्यांतले पक्षी गात व पंख हालवीत. १५९९ च्या फेब्रुवारींत डॅलम तें घेऊन जहाजावर चढला आणि ऑगस्टांत कॉन्स्टँटिनोपलला पोंचला. पेट्या उघडून पाहतों तों उष्म्यानें सरस सुटलेला आणि नळ्या चेपलेल्या. त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं तें सर्व पुन्हां जुळविलें. सुलतानापुढें वाद्य आपोआप वाजलें, पक्षी गायले, आणि मग डॅलमला स्वतः वाजविण्याची आज्ञा झाली. सुलतान अगदीं पाठीशीं बसलेला. मध्येंच तो उठला तेव्हां त्याचा धक्का डॅलमला लागला, आणि आतां हा तरवार उपसून आपलें डोकें उडविणार असें त्या बिचाऱ्यास वाटलें. हा सर्व वृत्तांत त्यानें आपल्या रोजनिशींत लिहून ठेविला आहे. तेथेंच राहण्याचा आग्रह झाला असतांही तो मायदेशीं परतला.

केंब्रिजचें काम १६०५ च्या जूनमध्यें सुरू होऊन १६०६ च्या ऑगस्टांत संपलें. वर्षाहून अधिक काळ डॅलम व त्याचीं माणसें तेथें मुक्काम ठोकून होतीं. तो ऑर्गन आजच्या मानानें लहान होता. इंग्लंडांतील त्या काळच्या ऑर्गनांना पायांनीं वाजवावयाच्या पट्ट्या नसत. आवाज गोड, स्पष्ट आणि माणसाच्या कंठास शोभेल असा.

त्याच आवाजासाठीं त्या काळचे रचनाकार लिहीत होते. ऑर्लंडो गिबन्स हा त्यांतला अग्रगण्य. १५९६ सालीं तो याच चॅपलच्या गायकवृंदांत बालगायक म्हणून दाखल झाला, पुढें राजाच्या खासगी चॅपलचा ऑर्गनवादक झाला आणि १६२५ सालीं वारला. त्याच्या कल्पनारचना आजही वाजविल्या जातात. एक आवाज एखादी ओळ उचलतो. ती संपण्यापूर्वींच दुसरा तीच ओळ वेगळ्या सुरावरून सुरू करतो. मग तिसरा, मग चौथा. चार शहाणीं माणसें एकाच विषयावर एकाच वेळीं बोलत असूनही कोणाचें बोलणें कोणास अडवीत नाहीं, असा हा प्रकार आहे. हिंदुस्थानी संगीतांत एका गायकाच्या आलापानें राग उलगडतो. येथें तें काम चार समांतर आवाजांच्या मिळणीनें साधलें जातें.

गिबन्सच्या मृत्यूस वीस वर्षेंही झालीं नाहींत तोंच हें संगीत बंद पडलें. राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यामध्यें यादवी युद्ध पेटलें, आणि पार्लमेंटच्या बाजूनें प्युरिटन पंथाचें वजन वाढलें. या लोकांना निव्वळ रसिकताशून्य म्हणणें अन्यायाचें होईल. ईश्वराचें वचन प्रत्येकास आपल्या भाषेंत स्पष्ट ऐकूं आलें पाहिजे, अशी त्यांची तळमळ होती. चार आवाजांच्या गुंफणींत शब्द बुडतात, वाद्याच्या नादांत भक्त श्रोता होऊन बसतो, आणि चर्चचा पैसा नळ्यांत जातो, हे त्यांचे आक्षेप होते. घरीं वाद्य वाजविण्यास त्यांची हरकत नव्हती. देवळांत त्यांना तें नको होतें.

एखाद्या वाद्यास अधिकाऱ्यांनीं दार बंद करावें ही गोष्ट मराठी वाचकास अगदींच परकी नाहीं. १९४० पासून तीस वर्षांहून अधिक काळ हिंदुस्थानच्या नभोवाणीवर पेटीला मज्जाव होता. तेथें कारण धर्माचें नसून श्रुतींचें होतें. पेटीचे ठरीव सूर रागाच्या सूक्ष्म सुरांना मारक आहेत, असा तो आक्षेप होता. १९७१ सालीं तो मज्जाव सैल झाला. परंतु पेटी त्या काळांत घरोघर आणि रंगभूमीवर वाजत राहिली. इंग्लंडांतील चर्चच्या ऑर्गनांना असा आसरा नव्हता.

९ मे १६४४ रोजीं पार्लमेंटच्या दोन्ही सभांनीं चर्चांतून व चॅपलांतून ऑर्गन काढून टाकण्याचा हुकूम संमत केला. त्यापूर्वींच कित्येक ठिकाणीं शिपायांनीं हात चालविला होता. राजाच्या पक्षाच्या लेखकांनीं लिहून ठेविलें आहे कीं, शिपायांनीं उपटलेल्या नळ्या दारूच्या गुत्त्यांत गहाण टाकल्या. किंग्ज कॉलेजच्या रंगीत कांचांच्या भव्य खिडक्या या लाटेंतून वांचल्या. डॅलमचा ऑर्गन मात्र मोडून उतरविला गेला.

या काळाची सर्वांत हृदयस्पर्शी साक्ष वूस्टर येथील टॉमस टॉमकिन्स या वृद्ध ऑर्गनवादकानें ठेविली आहे. तेथील कॅथीड्रलचा ऑर्गनही डॅलमनेंच टॉमकिन्सच्या देखरेखीखालीं बांधलेला होता. १६४२ सालीं शिपायांनीं तो नासविला आणि १६४६ सालीं तो उतरविला गेला. टॉमकिन्सला आतां वाद्य नव्हतें, गायकवृंद नव्हता, वेतन नव्हतें. तरीही सत्तरी उलटलेला हा माणूस आपल्या वहींत जुन्या धाटणीच्या रचना लिहीत राहिला आणि कित्येकींखालीं तारीख घालीत गेला. ३० जानेवारी १६४९ रोजीं राजा चार्ल्सचा शिरच्छेद झाला. त्यानंतर दोन आठवड्यांनीं, १४ फेब्रुवारीस, त्यानें एक मंद गतीची रचना लिहिली, आणि ती या विस्कटलेल्या काळासाठीं लिहिलेली दुःखी पावान आहे, असें तिच्या नांवांतच नमूद केलें. पावान हें एका संथ दरबारी नृत्याचें नांव. टॉमकिन्स १६५६ सालीं वारला. त्यानें पुन्हां कॅथीड्रलमधील ऑर्गन ऐकला नाहीं. ती वही आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहे, आणि तींतील ती रचना आज जुन्या संगीताच्या कार्यक्रमांत आदरानें वाजविली जाते.

बंदीलाही एक अपवाद होता, आणि तो खुद्द क्रॉमवेलचा. ऑक्सफर्डच्या मॉड्लिन कॉलेजच्या चॅपलमधील ऑर्गन त्याच्या कारकीर्दींत हॅम्पटन कोर्टच्या राजवाड्यांत नेण्यांत आला. क्रॉमवेल संगीताचा शोकी होता आणि जॉन हिंजस्टन हा वादक त्याच्या पदरीं होता. कवि मिल्टन यानेंही तो ऑर्गन वाजविला, अशी आख्यायिका आहे. देवळांत पाप ठरलेलें वाद्य वाड्यांत मात्र चाललें. हा ऑर्गन टॉमस डॅलमचा मुलगा रॉबर्ट डॅलम यानें बांधलेला होता.

रॉबर्ट स्वतः मात्र देशांत राहूं शकला नाहीं. डॅलम घराणें कॅथलिक मताचें. त्यांत धंदा बुडालेला. तो बायकामुलांसह समुद्र ओलांडून फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतांत गेला आणि तेथील चर्चांसाठीं ऑर्गन बांधूं लागला. लांव्हेलेक या लहानशा गांवीं त्यानें १६५३ सालीं बांधलेला ऑर्गन अद्यापि उभा आहे. इंग्लंडांत जें मोडलें गेलें त्याचा कांहींसा सुगावा आज या परदेशीं खेड्यांतून लागतो. तेथें डॅलम मंडळी नव्या गोष्टीही शिकली. फ्रेंच ऑर्गनांतील तुताऱ्यांसारख्या खड्या आवाजाच्या आणि अनेक नळ्यांच्या मिश्र सुरांच्या रांगा त्यांच्या कारागिरींत आल्या. रॉबर्टच्या मुलीनें टॉमस हॅरिस नांवाच्या कारागिराशीं लग्न केलें. त्यांचा मुलगा रेनेटस हॅरिस ब्रिटनींतच वाढला.

१६६० सालीं राजसत्ता परत आली आणि बंदी संपली. सॅम्युअल पीप्स यानें आपल्या रोजनिशींत लिहिलें आहे कीं, त्या वर्षीच्या जुलै महिन्यांत व्हाइटहॉल येथील राजाच्या चॅपलमध्यें त्यानें ऑर्गन ऐकला, आणि आपल्या आठवणींत तो पहिल्यानेंच. पीप्सचें वय तेव्हां सत्तावीस वर्षांचें होतें, आणि तो संगीताचा निस्सीम भक्त होता. एका संगीतप्रेमी माणसास तारुण्याच्या मध्यावर येईपर्यंत आपल्याच देशाचें प्रमुख वाद्य ऐकावयास मिळूं नये, यावरून सोळा वर्षांची शांतता किती खोल गेली होती तें कळतें. चॅपलांत गाणाऱ्या मुलांची एक पिढी तयारच झाली नव्हती. वादक वृद्ध झाले होते किंवा वारले होते. नळ्या वितळविल्या गेल्या होत्या. वाद्य पैसे देऊन पुन्हां घडवितां येतें. तें घडविणारा हात तयार होण्यास आयुष्य लागतें. तो हात ब्रिटनींत जिवंत राहिला होता.

रॉबर्ट डॅलम परतला आणि विंझर येथील सेंट जॉर्ज चॅपलपासून कामास लागला. ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजचें काम करीत असतां १६६५ सालीं त्यास तेथेंच मरण आलें. पुढें त्याचा नातू रेनेटस हॅरिस इंग्लंडांतील दोन सर्वश्रेष्ठ ऑर्गनकारांपैकीं एक झाला, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस किंग्ज कॉलेजचा ऑर्गन त्याच्या हातीं आला. पणजोबानें जें बांधलें आणि कायद्यानें जें उतरविलें, त्या जागीं पणतूनें आपले सूर लाविले.

यानंतरचा बदल शांततेच्या काळांतला, पण तोही लहान नव्हता. जर्मनींत योहान सेबास्टियन बाख यानें पायपट्ट्यांचा पुरेपूर उपयोग करून रचना केल्या होत्या. बाख १७५० सालीं वारला. इंग्लंडांतील बहुतेक ऑर्गनांना तोंवर पायपट्ट्या नव्हत्या. त्यामुळें त्याचें संगीत तेथें पुस्तकांतच राहिलें. १८०९ च्या सुमारास लंडनच्या सरे चॅपलमध्यें सॅम्युअल वेस्ली आणि बेंजामिन जेकब या दोघांनीं एकाच ऑर्गनवर मिळून बाख वाजवून दाखविला. जें काम एकाच्या पायांनीं व्हावयाचें तें दुसऱ्याच्या हातांनीं भागविलें. हे कार्यक्रम तासन् तास चालत आणि लोक बसून ऐकत. १८३७ च्या सप्टेंबरांत मेंडेलसोन हा जर्मन संगीतकार लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्यें बाखची एक रचना वाजवीत होता. प्रार्थना संपूनही लोक हालेनात, म्हणून तेथील सेवकानें भाता ओढणाऱ्या माणसासच घरीं पाठविलें. रचना शेवटास येत असतांनाच वारा संपला आणि वाद्य मुकें झालें. त्या काळच्या ऑर्गनवादनांत भाता ओढणाऱ्या अनाम माणसाचा वाटा किती होता, हें या प्रसंगावरून ध्यानांत येतें.

बाखची गोडी लागल्यावर इंग्लंडांतील ऑर्गन बदलूं लागले. पायपट्ट्या आल्या, खोल आवाजाच्या प्रचंड नळ्या आल्या, पुढें वाद्यवृंदाचा भास करणाऱ्या रांगा आल्या. किंग्ज कॉलेजचा ऑर्गन एकोणिसाव्या शतकांत लंडनच्या हिल या कारखान्यानें वाढविला, आणि १९३४ सालीं डरॅमच्या हॅरिसन कारखान्यानें त्यास आजचें रूप दिलें. हातांसाठीं पट्ट्यांच्या चार ओळी, पायांसाठीं एक. त्यानंतरही वेळोवेळीं डागडुजी झालेली आहे. बाहेरच्या कोरीव लाकडी कवचाचा बराच भाग मात्र सतराव्या शतकांतीलच आहे.

याच सुमारास या चॅपलचा आवाज भिंतींबाहेर गेला. नाताळच्या आदल्या दिवशीं होणारी नऊ पाठांची व गीतांची प्रार्थना येथें १९१८ सालीं सुरू झाली, आणि १९२८ सालापासून, १९३० चा अपवाद सोडून, ती दरवर्षीं नभोवाणीवरून ऐकविली जात आहे. दुसऱ्या महायुद्धांत खिडक्यांच्या जुन्या कांचा सुरक्षित ठिकाणीं हालविल्या होत्या. त्या थंडींतही प्रार्थना झाली आणि प्रक्षेपणही झालें, फक्त शत्रूस ठिकाण कळूं नये म्हणून चॅपलचें नांव उच्चारलें गेलें नाहीं. कायद्यानें ज्या संगीताला चॅपलांतूनही हांकलून दिलें होतें, तें आतां बिनतारी यंत्रानें घराघरांत येऊं लागलें.

त्याच युद्धकाळांत हर्बर्ट हॉवेल्स हा संगीतकार केंब्रिजलाच सेंट जॉन्स कॉलेजमध्यें ऑर्गनवादकाचें काम सांभाळीत होता. किंग्जच्या गायकवृंदासाठीं त्यानें १९४४ व १९४५ सालीं जें प्रार्थनासंगीत रचलें, त्यास त्यानें त्या कॉलेजचेंच लॅटिन नांव दिलें. या दीर्घ घुमणाऱ्या छताचा विचार त्या संगीतांत स्पष्ट दिसतो. सूर विरण्यास जागा ठेवून तें लिहिलें आहे. १९४० सालीं त्यानें ऑर्गनसाठीं एक स्वतंत्र रचना केली आणि तिच्या नांवांत सोळाव्या शतकांतील टॉमस टॅलिस या आचार्याचें मृत्युपत्र असा उल्लेख केला. टॅलिस १५८५ सालीं वारला होता. साडेतीनशें वर्षांनंतरचा एक वारस ती ठेव स्वीकारीत आहे, असा त्याचा अर्थ. तींत जुन्या चालींची चाल आहे, पण सुरांची दाटी विसाव्या शतकाची आहे.

म्हणून अशा वादनांत गिबन्सनंतर बाख, बाखनंतर मेंडेलसोन आणि शेवटीं हॉवेल्स ऐकावयास मिळाला, तर त्या क्रमांत केवळ रुचिपालट पाहूं नये. गिबन्सची रचना वाजवितांना वादक बहुतेक खुंट्या बंद ठेवतो आणि पायपट्ट्यांना स्पर्शही करीत नाहीं. मोठ्या वाद्यांतून तो लहान वाद्य शोधून काढतो. डॅलमच्या ऑर्गनचा आवाज कसा होता हें आज कोणासही तेथें ऐकतां येत नाहीं. परंतु टॉमकिन्सनें वही जपली, रॉबर्टनें परक्या मुलखांत हत्यारें गंजूं दिलीं नाहींत, वेस्ली आणि जेकब यांनीं पायपट्ट्यांवांचून बाख वाजविला. या माणसांपैकीं एकानें जरी हात आंखडता घेतला असता, तरी आजच्या कार्यक्रमपत्रिकेंतील एखादें नांव कमी झालें असतें.

शेवटचा सूर थांबल्यावर तो छतास लागून कांहीं क्षण रेंगाळतो. १५९६ सालीं बालगायकांच्या रांगेंत उभ्या असलेल्या गिबन्सनेंही याच छताखालीं, डॅलम केंब्रिजला येण्यापूर्वीं नऊ वर्षें, आपला आवाज असाच विरत जातांना ऐकला असेल.